आईचा अहवाल आणि बाळाचा अहवाल

गेल्या पंधरवड्यात एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आले. नाव-गाव अर्थातच देत नाही. तिच्या भावजयीला तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवताना रक्ततपासणीत एच.आय.व्ही.ची लागण असल्याचे कळले. सरकारी केंद्रातून गोळ्या सुरू झाल्या, त्या तिने नेमाने घेतल्या, बाळंतपण सुखरूप झाले, मुलगा झाला. सहा आठवड्यांनी बाळाला तपासणीसाठी आणा असे सांगितले होते, पण त्या वेळी सगळे गावी होते, ते राहून गेले. मग अडीच महिन्यांच्या बाळाचे रक्त घरच्यांनी परस्पर एका खासगी प्रयोगशाळेत तपासून घेतले. कागदावर शब्द आला, 'रिॲक्टिव्ह'. तेव्हापासून आजी म्हणते, अंगावरचे दूध तोडा. बाळाचे वडील म्हणतात, कळायचे ते कळले, आता सरकारी दवाखान्यात जाऊन काय करायचे? आणि पत्राच्या शेवटी एकच ओळ : "डॉक्टरसाहेब, आमचे बाळ किती दिवसांचे सोबती आहे?"

वाचकहो, या पत्राचे उत्तर आधी देतो आणि कारण मागाहून सांगतो. त्या कागदावरून बाळाला लागण झाली आहे असे मुळीच म्हणता येत नाही. त्या कागदात दिसते आहे ती आई. बाळाचा अहवाल अजून यायचा आहे.

हे कसे, ते समजून घेण्यासाठी वारेकडे पाहावे लागेल. पोटात असताना आईचे रक्त थेट बाळाच्या अंगात वाहते असा पुष्कळांचा समज असतो. तसे नसते. आईचे रक्त वारेपर्यंत येते, बाळाचे रक्तही नाळेतून तिथवर येते, आणि दोघांच्या मध्ये एक पातळ पडदा असतो. वार म्हणजे एक प्रकारचा जकात नाकाच. प्राणवायू, साखर, क्षार यांना पलीकडे जाऊ देतो, काहींना अडवतो. आईच्या शरीराने आजवर ज्या ज्या रोगजंतूंशी सामना केला, त्यांच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे म्हणजे अँटीबॉडीज मात्र हा नाका अडवत तर नाहीच, उलट शेवटच्या तीन महिन्यांत हाताला धरून पलीकडे पोचवतो. जन्मल्यानंतर पहिले काही महिने बाळाला गोवरासारखे आजार सहसा होत नाहीत ते याच शिदोरीवर.

आता एच.आय.व्ही.ची नेहमीची तपासणी, म्हणजे एलायझा किंवा पट्टीवरची झटपट चाचणी, विषाणू शोधतच नाही. ती शोधते विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे. मोठ्या माणसात ती सापडली की लागण आहे असे धरता येते, कारण ती त्याचीच असतात. तान्ह्या बाळात ती आईची असतात. बाधित आईच्या पोटी जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाची ही चाचणी पहिल्या काही महिन्यांत 'रिॲक्टिव्ह' येते, मग बाळ ठणठणीत का असेना. ही उसनी शिदोरी हळूहळू संपते, आणि तिला पुरते दीड वर्ष लागू शकते. म्हणून १८ महिन्यांच्या आत या चाचणीवरून बाळाला बाधित ठरवायचे नाही, असा नियम आहे.

हा नियम मी पुस्तकात वाचला होता. तरीही १९९६ साली मी तो विसरलो, आणि त्याची गोष्ट मला इथे सांगितली पाहिजे.

त्या वर्षी पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात चार महिन्यांचे एक बाळ न्यूमोनियाने आले. बाप साखर कारखान्यावर नोकरीला, आई विशीतली, घरात सासू-सासरे, दोन दीर. बाळाला रक्त द्यावे लागेल असे वाटले, म्हणून तपासण्या केल्या. त्या काळी हा आजार नवा होता, आम्हा डॉक्टरांनाही त्याची धास्ती होती. बाळाची एलायझा पॉझिटिव्ह आली, मग आई-बापांची केली, तीही आली. मी त्या बापाला व्हरांड्यात बोलावून सांगितले की तिघांनाही आहे. मी चुकीचे बोलतो आहे हे माझ्या ध्यानातही आले नाही. बाळ न्यूमोनियातून बरे झाले, घरी गेले. पंधरा दिवसांत सुनेला माहेरी पोचवण्यात आले. गोवराच्या लसीची वेळ आली तेव्हा आजोबा म्हणाले म्हणे, "जाणाऱ्या जिवाला सुई कशाला?" लस राहिली, अकराव्या महिन्यात मुलाला गोवर निघाला, आठ दिवस तो डोळे उघडत नव्हता. वाचला तो आईच्या हिमतीने.

वीस महिन्यांचा असताना त्या माउलीने त्याला पुन्हा माझ्याकडे आणले, खोकला होता म्हणून. धावता, बोलता, अंगाने भरलेला पोरगा. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली आणि मी पुन्हा रक्त पाठवले. निगेटिव्ह. खात्रीसाठी दुसऱ्या ठिकाणी पाठवले, निगेटिव्ह. मी तिला समोर बसवून सांगितले, माझी चूक झाली हेही सांगितले. ती रागावली नाही. "मग आम्ही वरीसभर कशासाठी रडलो?" एवढेच तिने विचारले. ती स्वतः २००१ साली गेली. सरकारी केंद्रांतून या आजाराची औषधे मोफत मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून.

असो. आता पुढचा प्रश्न. बाळाचा अहवाल कोणता, आणि तो बहुधा कसा येतो?

काहीच उपाय केला नाही तर बाधित आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण शंभरात १५ ते ४५ इतके असते. म्हणजे औषधाविनासुद्धा निम्म्याहून अधिक बाळे सुटतात, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पोटात असताना वार बऱ्यापैकी राखण करते. धोका जास्त तो प्रत्यक्ष बाळंतपणात, कळा सुरू झाल्यावर, आणि पुढे दुधातून. नेमक्या याच वेळी विषाणूला दाबून धरले तर? या प्रश्नाचे पहिले ठोस उत्तर १९९४ साली मिळाले. अमेरिका आणि फ्रान्समधील रुग्णालयांत गर्भवती बाधित स्त्रियांचे दोन गट केले गेले. एका गटाला झिडोव्ह्युडीन हे औषध गरोदरपणात गोळ्यांतून आणि बाळंतपणात शिरेतून दिले, आणि बाळाला सहा आठवडे तेच पातळ औषध पाजले. दुसऱ्या गटाला औषधासारखे दिसणारे पण औषध नसलेले काहीतरी दिले. दुसऱ्या गटात शंभरातील २५.५ बाळांना लागण झाली, औषधाच्या गटात ८.३. फरक इतका उघड होता की प्रयोग मध्येच थांबवून सर्वच आयांना औषध देणे भाग पडले.

पण ते महागडे होते, आणि दिवसातून पाच वेळा घ्यायचे होते. आपल्याकडच्या किंवा आफ्रिकेतल्या ज्या बाईचे नाव आठव्या महिन्यात दवाखान्यात लागते, तिच्या ते काय कामाचे? म्हणून युगांडाच्या कंपाला शहरात साधी युक्ती तपासली गेली. कळा सुरू झाल्या की आईला नेव्हिरॅपिनची एकच गोळी, आणि तीन दिवसांच्या आत बाळाला त्याच औषधाचा एकच डोस. १९९९ साली निष्कर्ष आला. तुलनेसाठी ज्यांना झिडोव्ह्युडीनचा अगदी थोड्या दिवसांचा क्रम दिला होता, त्यांच्यात साडेतीन महिन्यांपर्यंत शंभरात २५.१ बाळांना लागण, या एका गोळीवर १३.१. आपल्या देशात याच गोळीवर सरकारी कार्यक्रम उभा राहिला. पुढे पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात, तसेच इथिओपिया आणि युगांडात, बाळाला एकाऐवजी सहा आठवडे रोज औषध देऊन पाहिले गेले. २००८ साली प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की सहा आठवड्यांच्या टप्प्यावर लागण शंभरात ५.३ वरून २.५ वर आली. त्या अभ्यासात आपल्या पुणे परिसरातल्या किती आयाबहिणी आपली तान्ही बाळे घेऊन वेळोवेळी येत राहिल्या असतील, याचा विचार आला की मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

एका गोळीचे दिवसही आता गेले, कारण तिच्यामुळे विषाणू त्या औषधाला सरावत असे. आज लागण कळली की त्याच वेळी गर्भवतीला तीन औषधे एकत्र असलेली गोळी सुरू करतात, ती रोज एक, आणि जन्मभर. बाळाला जन्मल्यापासून निदान सहा आठवडे पातळ औषध. आई किती नियमित आहे, तिच्या रक्तात विषाणू किती उरला आहे, यावर बाळाच्या औषधाची मुदत आणि संख्या डॉक्टर ठरवतात. हे सारे नीट झाले तर अंगावर पाजूनसुद्धा लागणीचे प्रमाण शंभरात पाचाच्या खाली येते.

तर पत्रातल्या बाळाची बाजू अशी भक्कम आहे. त्याच्या आईने तिसऱ्या महिन्यापासून गोळी चुकवलेली नाही. राहिले आहे ते एवढेच, की बाळाच्या टाचेला बारीक टोचून रक्ताचे काही थेंब एका जाड कागदाच्या कार्डावर घ्यायचे आणि वाळवून प्रयोगशाळेत पाठवायचे. ही तपासणी प्रतिपिंडांच्या नादी न लागता थेट विषाणूचा माग काढते. ती सहा आठवड्यांना होते, राहिली असेल तर जेव्हा ध्यानात येईल तेव्हा करतात. पुढे सहा महिने, बारा महिने आणि शेवटची अठरा महिन्यांना.

"कळायचे ते कळले" असे म्हणणाऱ्या त्या वडिलांना मला एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे. समजा, दुर्दैवाने ही तपासणी पॉझिटिव्ह आली, तर घाई त्याहून अधिक हवी. औषध न मिळालेल्या बाधित बाळांपैकी जवळपास निम्मी दोन वर्षांच्या आत दगावतात. दक्षिण आफ्रिकेतील एका अभ्यासात सहा ते बारा आठवड्यांच्या बाधित बाळांना लक्षणांची वाट न पाहता औषधे सुरू केली, आणि त्यांचे मृत्यू वाट पाहणाऱ्या गटाच्या मानाने तीन-चतुर्थांशांनी कमी झाले. हा निष्कर्षही २००८ सालचाच. म्हणून महिनाभराचाही उशीर नको.

आता आजींचा मुद्दा, दुधाचा. हा सर्वांत नाजूक. दुधातून विषाणू जातो हे खरे आहे, म्हणून एकेकाळी आम्हीही सरसकट डब्याचे दूध सांगत असू. पण डब्याला स्वच्छ पाणी, इंधन, पैसा आणि वेळ लागतो. बोट्स्वाना देशात सरकारच फुकट डबे देत होते. २००६ च्या सुरुवातीला तिथे अतिवृष्टी झाली, पाणी दूषित झाले, जुलाबाची साथ आली, आणि जी बाळे दगावली त्यांत बहुतेक वरच्या दुधावरची होती. दुसरा धडा डर्बन शहरातला, १९९९ चा. तिथे तीन महिन्यांच्या टप्प्यावर पाहिले तेव्हा निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांत लागण शंभरात १४.६, आणि अंगावरचे अधिक वरचे असे दोन्ही घेणाऱ्यांत २४.१ आढळली. वरचे अन्न-पाणी आतड्याच्या कोवळ्या अस्तराला इजा करते आणि विषाणूला वाट मिळते, असे त्याचे कारण सांगतात.

आपल्याकडे 'वरचे' म्हणजे नुसते दूध नव्हे. मध चाटवणे, गुटी उगाळणे, साखरेचे पाणी, ग्राइप वॉटर, हे सगळे त्यातच आले. आईच्या गोळ्या चालू असतील तर पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध, आणि नंतर पेज-खिमटीबरोबर अंगावरचे चालू, हा आजचा सल्ला. कोणी प्रेमाने एखादे चमचाभर काही पाजले म्हणून घाबरून दूध तोडू नये. आईची गोळी नियमित असणे हीच खरी राखण. मात्र स्तनाला चीर पडली, गळू झाले किंवा बाळाचे तोंड आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि लसी? सगळ्या, वेळापत्रकाप्रमाणे. त्या बाबतीत मी आता कोणाचेही ऐकून घेत नाही.

पत्रात आणखी एक ओळ होती. घरातली थोरली मंडळी सुनेला बोल लावतात, की हिच्या रक्तानेच पोर नासले. हे वाचताना मला अमेरिकेतली एक हकीकत आठवली. १९८० नंतरच्या दशकात तिकडच्या शहरांत बाधित गर्भवतींपैकी अनेकजणी सुईने नशा करणाऱ्या किंवा तशा पुरुषांच्या बायका असत. त्यामुळे तान्ह्या बाळांवर संशोधन करणाऱ्यांना विषाणू आणि अमली पदार्थ हे दोन्ही प्रश्न एकदमच हाताळावे लागले. त्यात 'क्रॅक' नावाचे ओढायचे कोकेन स्वस्त झाले. १९८५ साली शिकागोच्या एका डॉक्टरांनी कोकेन घेणाऱ्या अवघ्या २३ गर्भवतींवरचा एक छोटा लेख लिहिला. वर्तमानपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने तो उचलला आणि पाहता पाहता 'क्रॅक बेबी' हा शब्द घरोघरी झाला. ही मुले मंदबुद्धी निघणार, गुन्हेगार होणार, अशी भाकिते झाली. दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन शहराच्या एका सरकारी रुग्णालयात तर गर्भवतींची लघवी तपासून अहवाल पोलिसांना दिला जाई, काही बायांना अटकही झाली. ते घटनाविरोधी असल्याचा निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला, पण तोपर्यंत २००१ साल उजाडले होते.

दरम्यान फिलाडेल्फियात डॉ. हॅलम हर्ट या बाईंनी शांतपणे एक काम आरंभले होते. १९८९ पासून त्यांनी गरीब वस्तीतली २२४ बाळे निवडली, त्यांतल्या साधारण निम्म्यांच्या आयांनी कोकेन घेतलेले, बाकीच्यांच्या नाही. या मुलांचा पाठपुरावा वीस वर्षांहून अधिक काळ झाला. चौथ्या वर्षी बुद्ध्यंक काढला, तर कोकेनवाल्या गटाचा ७९.० आणि दुसऱ्या गटाचा ८१.९. फरक नगण्य, पण दोन्ही गट देशाच्या सरासरीच्या बरेच खाली. मग त्यांनी घराघरातली परिस्थिती पाहिली. सातव्या वर्षापर्यंत शंभरातील ७४ मुलांनी गोळीबाराचा आवाज ऐकला होता. ज्या घरात मायेने बोलणारे, शिकवणारे माणूस होते, तिथली मुले दोन्ही गटांत सरस निघाली. कोकेन निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. त्याने बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचे जन्मू शकते. अफूच्या जातीची नशा करणाऱ्या आईचे बाळ जन्मताच तळमळते, त्याला उपचार लागतात. आणि गर्भाच्या मेंदूला सर्वांत जास्त इजा करणाऱ्या पदार्थांत दुकानात उघड विकली जाणारी दारू येते. पण लोकांनी आईला गुन्हेगार ठरवले, आणि पोलिसांच्या भीतीने कित्येक आया दवाखान्याकडे फिरकेनाशा झाल्या.

आपल्याकडे कोकेन कुठले, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे मिश्री आहे. माझ्या बाह्यरुग्ण विभागात हा संवाद आठवड्यातून दोनदा तरी होतो. "ताई, तंबाखू खाता का?" "नाय बा! माझ्या सात पिढीत कुणी नाय खाल्ला." "मिश्री लावता का?" "ती लावते की. दात घासाया." "दिवसातून किती वेळा?" "सकाळी, जेवल्यावर... पोट दुखलं की बी लावते." मिश्री म्हणजे भाजून पूड केलेला तंबाखूच, आणि त्यातले निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाते, वारेचा जकात नाका बेलाशक ओलांडते. त्याने वारेकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, बाळाचा शिधा कमी पडतो. मुंबईत १,२१७ गर्भवतींचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मिश्री-तंबाखू वापरणाऱ्या बायांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि सहा दिवस आधी जन्मली. अडीच किलोच्या काठावर असलेल्या बाळाला शंभर ग्रॅम म्हणजे थोडे नव्हे. माझी आजी मिश्री लावायची, तिच्या पितळी डबीचा वास अजून नाकात आहे, त्यामुळे सुनावणे मला जमत नाही. मी एवढेच सांगतो की नऊ महिने तरी डबी सासूबाईंच्या ताब्यात द्या. सासूबाईंनी स्वतःही लावू नये, असे मनात असते, पण ते पुढच्या भेटीला.

पत्रलेखिका भगिनीने शेवटी विचारले आहे की उद्या मुलाला अंगणवाडीत किंवा शाळेत घालताना आईचा आजार सांगावा लागेल का. नाही. २०१७ साली संसदेने केलेला एच.आय.व्ही.-एड्सविषयीचा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार न्यायालयाच्या आदेशावाचून कोणालाही आपली लागण उघड करायची सक्ती करता येत नाही, आणि शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. शंका असतील तर १०९७ या सरकारी क्रमांकावर फोन करावा, पैसे पडत नाहीत. बाळाला घेऊन येत्या सोमवारीच जिल्हा रुग्णालयातील समुपदेशन व तपासणी केंद्रात जावे, आईचे हिरवे-पिवळे जे काही कार्ड असेल ते बरोबर न्यावे, आणि अहवाल आल्यावर मला दोन ओळी लिहाव्यात. खासगी प्रयोगशाळेचा तो कागद न्यायची गरज नाही.

(पुढील आठवड्यात : नवजात बाळाची कावीळ)